आरोंद्याच्या माळ्यावरचा रेडिओ

आमच्या आरोंद्याच्या घरात एक रेडिओ आहे. आहे म्हणजे गेली तीसेक वर्षं तो माळ्यावर गोधड्यांच्या ट्रंकेला टेकून पडून होता. लाकडी खोका, पुढे पिवळं पडलेलं कापड, काचेची डायल, आणि कोपऱ्यात दोन भोकं. त्या भोकांवर कधीकाळी कंपनीच्या नावाची पट्टी असणार. ह्या रेडिओची एक गोष्ट घरात माझ्या जन्माआधीपासून सांगितली जाते. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा आमचा आजो ह्याच रेडिओवर आंबोलीच्या रानातून बोलणारं गुप्त केंद्र ऐकायचा, आणि ओसरीवर चार माणसं जमवून त्यांनाही ऐकवायचा. चतुर्थीला पाहुणे जमले की बाबा ती सांगतात. दर वर्षी ओसरीवरची माणसं थोडी वाढतात.

गेल्या वर्षी कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा केला आणि रेडिओ खाली आला. बाबा म्हणाले, "तू इंजिनीअर मां? मग चालू करून दाखव." मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी चार वर्षांत एकही व्हॉल्व्ह हातात घेतलेला नव्हता. अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद होता. तरी हो म्हणालो. घरून काम करण्याची मुभा होती, पाऊस होता, आणि खरं सांगायचं तर मला ती गोष्ट तपासून बघायची होती.

आरोंदा कुठे आहे हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सावंतवाडी तालुक्याचं हे दक्षिण टोक. गावाला लागून तेरेखोलची खाडी, आणि पलीकडच्या तीरावर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. आज पूल आहे आणि स्कूटरवरून पेट्रोल भरायला पलीकडे जाणारे लोक आहेत. १९६१ पर्यंत मात्र ही खाडी दोन देशांमधली सीमा होती. इकडे १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थान, नंतर मुंबई राज्य, तिकडे पोर्तुगाल. खाडीच्या मुखाशी तेरेखोलचा किल्ला आमच्याच तीरावर आहे, पण तोही पोर्तुगिजांचा. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही त्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिथे तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी देशभरातून आलेले नि:शस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून गोव्यात शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. आमच्या तालुक्यातलं बांदा ओलांडलं की पत्रादेवी लागते. पंजाबचे कर्नैल सिंग बेनिपाल तिथे पडले. त्यानंतर भारताने गोव्याशी व्यवहार तोडले, रेल्वे थांबवली, आर्थिक नाकेबंदी केली. खाडीवरून रोज भाजी-मासळी घेऊन येणारी-जाणारी माणसं एकमेकांना परदेशी झाली.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९५५ ला, आंबोलीच्या जंगलातून एक रेडिओ केंद्र बोलू लागलं. १५१० मध्ये ह्याच तारखेला अल्बुकर्कने गोवा जिंकला होता. केंद्राचं पोर्तुगीज नाव 'व्हॉझ द लिबर्दाद', कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. प्रक्षेपक एका ट्रकवर बसवलेला होता, आणि तो आला कुठून ह्याची हकिकत मला फार आवडते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांकडून सोडवल्या गेल्या, तेव्हा तिथे पोर्तुगिजांचे बिनतारी संच हाती लागले. त्यांचाच पुढे हा प्रक्षेपक झाला. नगरहवेलीच्या त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडकेही होते. पुढल्या वर्षी रामनवमीला त्यांचं गीतरामायण पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि महाराष्ट्र दर आठवड्याला रेडिओपुढे बसू लागला. म्हणजे एकाच लढ्यातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही १९५५ मध्ये रेडिओपाशी पोचल्या. आता, फडक्यांबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ट्रकबद्दल सावंतवाडी तालुक्यातल्या पोरांनाही फारसं ठाऊक नाही.

सरदेसाई आणि लोबो सहा वर्षं रानात राहून हे केंद्र चालवत होते, आधी आंबोलीला आणि नंतर कॅसलरॉकला. शत्रूचं केंद्र ऐकायचं, त्याच्या बातमीला उत्तर द्यायचं, जगात वसाहती कुठे कुठे मोकळ्या होत आहेत ते सांगायचं. गोवा मुक्त झाल्यावर दोघं विमानातून पणजीवर घिरट्या घालत ध्वनिक्षेपकावरून कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये ती बातमी सांगत होते. पुढे त्यांनी लग्न केलं. लिबिया लोबो-सरदेसाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. आरोंद्याहून आंबोली सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटर. आणि पोर्तुगिजांचं सरकारी केंद्र, एमिसोरा द गोवा, त्याचा प्रक्षेपक पणजीजवळ बांबोळीला होता. तेही साधारण ३५ किलोमीटर. एक ईशान्येला, एक दक्षिणेला. दोन्ही केंद्रं एकमेकांना खोटं पाडत होती आणि आमचं घर दोघांपासून सारख्याच अंतरावर होतं. तेव्हा आजोने आंबोली ऐकली असेल ह्यात अशक्य काही नव्हतं. प्रश्न फक्त ह्या रेडिओचा होता.

मागचा पुठ्ठा काढला तर आत कुंभारणीची पाच-सहा मातीची घरं. एक तर नेमकं आयएफटीच्या डब्यावर. उंदरांनी स्पीकरच्या मागे कापूस आणि वर्तमानपत्राचे तुकडे साठवले होते. रबरी वेष्टणाच्या तारा हात लावताच बिस्किटासारख्या चुरत होत्या. कोकणातल्या खाऱ्या हवेने तांब्यावर जिथे तिथे हिरवा थर चढवला होता. पाच व्हॉल्व्ह आणि एक हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की मिटत येणारी ट्यूनिंगची खूण. व्हॉल्व्ह पुसले आणि नंबर वाचले: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. पन्नाशीच्या दशकात ही मंडळी जगभरच्या घरगुती रेडिओंत असायची. पहिला बाहेरून आलेला कंप सोयीच्या कंपात बदलतो, दुसरा तो वाढवतो, तिसरा त्यातून आवाज वेगळा काढतो, चौथा स्पीकर हलवतो, पाचवा ह्या सगळ्यांना लागणारी एकदिश वीज पुरवतो. इतकंच. ज्या प्रणालींवर मी पोट भरतो, त्यांच्यात कोण काय करतं हे पाच वाक्यांत सांगता येईल असं एकही यंत्र नाही.

जुना रेडिओ थेट प्लगला लावायचा नसतो. पन्नास वर्षं पडून राहिलेले कंडेन्सर आतून वाळलेले किंवा शॉर्ट झालेले असतात, आणि वीज दिली की ट्रान्सफॉर्मर जळतो. तो जळला की खेळ संपला, कारण तसा पुन्हा मिळणं कठीण. म्हणून रेडिओच्या वाटेत शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. रेडिओत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि वीज स्वतः खातो; ठीक असला तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब लख्ख पेटला आणि पेटूनच राहिला. बाबा म्हणाले, "इलो उजेड!" मी स्विच बंद केला.

फिल्टर कंडेन्सर गेला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका मित्राने नवे पाठवले, त्यांना आठवडा लागला. ते जोडले तेव्हा बल्ब मंदावला, व्हॉल्व्हच्या तारा नारिंगी झाल्या, आणि स्पीकरमधून जाडसर घोंघों आली. घोंघों म्हणजे प्रगतीच. पण त्याआधी एक गोष्ट तपासली होती म्हणून रेडिओ वाचला. ईबीसी ८१ आणि ईएल ८४ ह्यांच्यामध्ये एक छोटा मेणकागदी कंडेन्सर असतो. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा दोनशे व्होल्टचा दाब अडवायचा. जुना झाला की तो झिरपू लागतो. मग ईएल ८४ ला वाटतं आपल्याला मोकाट सुटायला सांगितलंय. तो लालबुंद होईपर्यंत प्रवाह ओढतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. ईएल ८४ काढून ठेवून त्याच्या ग्रिडच्या पिनेवर मीटर लावला. शून्य दिसायला हवं होतं. दिसले १४ व्होल्ट. हा कंडेन्सर बदलायला पंधरा रुपये आणि दहा मिनिटं लागली. ज्याने कुणी हा रेडिओ शेवटचा बंद केला असेल, त्याने तो नेमका वेळेत बंद केला होता.

खालच्या बाजूला दुरुस्त्यांचे थर होते. मूळ कारखान्याचे डाग लहान आणि चकचकीत. काही डाग ओबडधोबड, भरपूर शिसं ओतलेले. एके ठिकाणी तार वळवून नुसती सायकलच्या रबराने बांधलेली. आमच्या धंद्यात कुठली ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली ह्याची नोंद राहते आणि दोष कुणाचा हे शोधता येतं. इथे नोंद होती, सही नव्हती. तरी कामाची पद्धत ओळखू येत होती. किमान दोन वेगवेगळे हात होते आणि त्यातला एक घाईत होता.

आणि मग ती गोष्ट लक्षात आली. खरं तर पहिल्या दिवशीच यायला हवी होती.

ह्या रेडिओत विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. मागे ११० ते २५० व्होल्ट निवडायची पट्टी आहे. म्हणजे हा भिंतीतल्या विजेवरच चालणारा रेडिओ. आणि आमच्या घरात वीज आली तेव्हा बाबा शाळेत जात होते. दिव्याची पहिली रात्र त्यांना आठवते. बाबांचा जन्म १९६० चा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते दीड वर्षांचे होते आणि घरात कंदील होते.

गोष्ट वाचवायचा प्रयत्न केला. मोटारीच्या बॅटरीवर व्हायब्रेटर लावून उच्च दाब तयार करणारे रेडिओ त्या काळी होते. पण इथे व्हायब्रेटरची जागाच नव्हती. व्हॉल्व्हवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का होता. बंगळूरच्या ह्या सरकारी कंपनीने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली १९६१ मध्ये. हा पुरावा मात्र कच्चा, कारण व्हॉल्व्ह हे बल्बसारखे बदलता येतात. १९५५ च्या रेडिओत १९७० चा व्हॉल्व्ह सहज असू शकतो. ट्रान्सफॉर्मर तसा बदलत नाहीत. तो पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेला होता आणि त्याखाली कारखान्याचा मूळ, न खरवडलेला रंग होता. ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तकही सापडलं. १९३३ च्या कायद्याप्रमाणे रेडिओ घरात ठेवायला परवाना लागायचा आणि पोस्टात दर वर्षी पैसे भरून त्यावर नोंद करून घ्यायची. एवढा तेवढा नव्हे, पंधरा रुपयांचा तो खर्च होता. ऐंशीच्या दशकात ती भानगड संपली. पण आमच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं कसरीने खाल्लेली. उरलेल्या नोंदी सगळ्या गोवा मुक्त झाल्यानंतरच्या.

तीन शनिवार-रविवार ह्यात गेले. चौथ्या रविवारी बाबांना सांगायचं ठरवलं की तुमची गोष्ट खोटी आहे. त्याआधी आजीपाशी बसलो. ती नव्वदीला टेकली आहे, कान अजून शाबूत आहेत. चष्मा लावून रेडिओ उघडा पडलेला बघत होती. मी म्हटलं, आजी, ह्या रेडिओवर आजोने आंबोली ऐकली असणं शक्य नाही.

"ह्यो तो न्हयच," ती म्हणाली. "ह्यो मागीर इलो, लायटी इल्यार. पयलो तो बॅटरेचो होतो."

"मग आधी कित्याक सांगूक नाय?"

"तू इचारलंस खंय?"

पहिल्या रेडिओचं काय झालं हे तिला नक्की आठवत नव्हतं; कुणाला तरी दिला. पण बॅटरीचा खोका आहे म्हणाली, आणि तो मी लहानपणापासून बघत आलो होतो. पडवीत खिळे-स्क्रू ठेवायचा जाड पुठ्ठ्याचा डबा. खिळे ओतून काढले. आतल्या बाजूला डांबराचा थर, वरच्या कडेला प्लगसाठी चार भोकं, आणि बाहेर, पुसट पण वाचता येईल असा आकडा: ९० व्होल्ट.

वीज नसलेल्या गावात रेडिओ कसा चालायचा, ह्याचं उत्तर त्या खोक्यात आहे. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. तार तापवायला थोड्या व्होल्टची, आणि वर ओढ लावायला मोठ्या दाबाची. विजेच्या रेडिओत तार तापवायलाच इतका प्रवाह जातो की कोरड्या सेलांवर तो चालवणं अशक्य. म्हणून बॅटरीच्या रेडिओंसाठी वेगळेच नाजूक व्हॉल्व्ह निघाले, दीड व्होल्टवर तापणारे. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ ही त्यांची जोडगोळी. त्यांची तार केसाहून बारीक आणि अंधारातही धड पेटलेली दिसत नाही. दीड व्होल्ट आणि नव्वद व्होल्ट दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळायचे. खोका संपला की फेकायचा आणि नवा आणायचा. तो महाग होता. म्हणून बॅटरीवरचं ऐकणं मोजून मापून व्हायचं. आजीच्या सांगण्याप्रमाणे आजो ठरलेल्या वेळी रेडिओ लावी, बातम्या झाल्या की कान पिळून बंद करी. ओसरीवर माणसं जमत, तीही चार-पाच. आंबोलीचं ऐकत का? ऐकत. भाषण असे, कधी कोंकणी, कधी न समजणारं पोर्तुगीज. पोर्तुगीज सुरू झालं की आजो बंद करी, बॅटरी वाया नको म्हणून.

इथवर बाबांची गोष्ट खरी निघाली, फक्त रेडिओ दुसरा. पण आजी थांबली नाही.

तिचं माहेर पेडण्यातलं, खाडीपलीकडचं. लग्न १९५५ च्या उन्हाळ्यात झालं. होडीतून वरात आली. पावसाळा संपायच्या आत सीमा आवळली गेली. माहेर डोळ्यांना दिसत होतं. भरतीच्या वेळी पलीकडच्या कुणाच्या तरी गाईची घंटा ऐकू यायची, असं ती म्हणते. पण जाता येत नव्हतं. त्या सहा वर्षांत बाबांच्या आधीचं एक मूल झालं आणि गेलं. तिची आई येऊ शकली नाही.

आजो शेतावर गेला की ती रेडिओ लावायची. आंबोली नाही. गोव्याचा, म्हणजे एमिसोरा द गोवा. पोर्तुगिजांचं सरकारी केंद्र, १९४६ पासून चालू असलेलं. ज्याला खोटं पाडायला सरदेसाई आणि लोबो रानात बसले होते तेच. त्यावर कोंकणी गाणी लागत.

"म्हायारची भास आयकाक गावायची, आनी काय," आजी म्हणाली. थोड्या वेळाने हसली. "बॅटरी रवत नाय म्हणून तेंका वाटायचा दुकानदारान फसवल्यान."

आजोला हे कधी कळलं का, असं मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. चहा ठेवायला सांगितला.

मी ह्यावर बराच विचार केला आहे. प्रक्षेपकाचा इतिहास लिहिता येतो. ट्रक कुठे उभा होता, बोललं कोण, कुठल्या तारखेपासून, ह्याच्या नोंदी राहतात, मुलाखती होतात, उशिरा का होईना पद्मश्री मिळते. ऐकणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही. रेडिओत शिरलेला कंप मागे काही ठेवत नाही. आमच्या घरात पन्नाशीच्या दशकात काय ऐकलं गेलं ह्याचा एकमेव भौतिक पुरावा म्हणजे वेळेआधी संपणारी बॅटरी, आणि तो पुरावा बघणाऱ्या माणसाने त्याचा चुकीचा अर्थ लावला होता. मीही पहिल्या तीन शनिवारी तेच केलं.

त्या काळच्या रेडिओबद्दल आपण मोठमोठी माणसं आणि धोरणं आठवतो. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काटा सिलोनकडे वळवला. तिथे त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. पाच वर्षांनी सरकारला विविध भारती काढावी लागली. ही हकिकत सांगताना आपण हसतो, की बघा, मंत्र्याला श्रोत्यांनी हरवलं. पण त्यात श्रोता करमणुकीसाठी बंड करतो, म्हणून तो गोड वाटतो. शत्रूराष्ट्राचं केंद्र आईच्या भाषेसाठी ऐकणारी सतरा-अठरा वर्षांची सून कुठल्याच गोष्टीत नीट बसत नाही. बाबा तिला चतुर्थीच्या गोष्टीत घेतील असं मला वाटत नाही. निदान यंदा तरी त्यांनी घेतलं नाही.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीच्या केंद्रावर हल्ला केला आणि एमिसोरा द गोवा मुकी झाली. १९ तारखेला पोर्तुगिजांनी शरणागती दिली. आजीला विमानं आठवतात; आरोंद्यात सगळी माणसं बाहेर येऊन वर बघत होती. तिने आत जाऊन रेडिओ लावला होता. काय होतं, विचारलं.

"घोंघों. आनी काय नाय."

नंतर काही दिवसांनी ती होडीने पलीकडे गेली, बाबांना कडेवर घेऊन. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पणजीहून आकाशवाणी बोलू लागली. आजीचं म्हणणं, गाणी बरी होती, पण तोवर तिला ऐकायची तेवढी गरज उरली नव्हती.

रेडिओचं सांगायचं राहिलं. मीडियम वेव्ह लागू लागली, पण शॉर्ट वेव्हवर पूर्ण शांतता. नुसती शांतता म्हणजे सूरसूरही नाही, जणू बँड अस्तित्वातच नाही. असं झालं की बहुधा ईसीएच ८१ मधला आंदोलक थांबलेला असतो. त्याच्या ग्रिडवर ऋण दाब यायला हवा. मीडियमवर आठेक व्होल्ट येत होता, शॉर्टवर काहीच नाही. आधी बँड स्विचवर संशय. त्याच्या पत्तीपत्तीवर हिरवा थर होता. तो घासून काढला, स्प्रे मारला, दहा-वीस वेळा फिरवला. फरक नाही. व्हॉल्व्ह बदलून बघितला, नाही. शेवटी शॉर्ट वेव्हच्या कॉइलवरचं मेण टूथपिकने उकरलं, तर तारेचं टोक मेणाखाली गंजून तुटलेलं. वरून अखंड दिसत होतं, मेणाने धरून ठेवलं होतं. अर्धा मिलिमीटर तार सोडवून, खरवडून डाग दिला.

डायलची दोरीही गेली होती. पहिल्यांदा मासेमारीचा तंगूस लावला, घरात पडला होता म्हणून. तो ड्रमवर सटकतो, लावू नका. चपला शिवायचा मेण लावलेला दोरा छान बसला. स्पीकरच्या फाटलेल्या कागदावर टिश्यू पेपर आणि मैद्याची खळ.

संध्याकाळी एरियल म्हणून माडावर तार टाकली. घरातले एलईडी दिवे बंद करायला लावले, कारण त्यांचा खरखराट सगळ्या पट्ट्यावर पसरतो. वीज आल्यावर रेडिओ चालू झाला आणि आता वीजच त्याला बोलू देत नाही, ह्यावर बाबा दोन दिवस विनोद करत होते. शॉर्ट वेव्हवर आता पूर्वीसारखी गर्दी नाही. डायलवर छापलेल्या नावांपैकी बरीचशी केंद्रं कायमची बंद झाली आहेत. तरी एक चिनी, एक अरबी, आणि रात्री मीडियमवर दोन-तीन आकाशवाण्या एकमेकींवर चढलेल्या लागल्या.

आजी काठी टेकत आली. स्टेशन लावू का, म्हणून विचारलं. तिने काटा स्वतः फिरवायला घेतला. दोन केंद्रांच्या मधे कुठेतरी थांबली, जिथे फक्त घोंघों होती, आणि थोडा वेळ तिथेच राहिली. मग म्हणाली, बंद कर, जेवायची वेळ झाली.

फिल्टर अजून थोडा गुणगुणतो. दुसरा कंडेन्सर मागवला आहे. डायलचा काटा खऱ्या जागेपासून बोटभर सरकलेला आहे, तो चतुर्थीच्या सुट्टीत बघेन. खिळे प्लास्टिकच्या डब्यात हलवले. पुठ्ठ्याचा खोका पुसून रेडिओशेजारी ठेवला होता, पण आजीने तो पुन्हा पडवीत नेला. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण तिला उघडत नाही.